जिभेवरचं तांबं, पायातल्या मुंग्या

सकाळी आठ

पावसाळ्यात आमचं मेडिकल आठला उघडावं लागतं. जुलै लागला की पोटाची दुखणी वाढतात, आणि केलगेरी तलावाच्या बांधावर फिरून परतणारे लोक घरी जाण्याआधी आमच्या पायरीवर येऊन थांबतात. शटर वर केलं की पहिलं काम फ्रीज बघण्याचं. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहायला हवं आणि इथे रात्री वीज जाते. वहीत तापमान लिहायचं, मागवलेल्या औषधांची यादी होलसेलरला पाठवायची, मग काउंटर.

आज पहिल्या आल्या मनसूरकडच्या एक अज्जी, नातवाच्या गाडीवर बसून. आमचं बोलणं कन्नडमध्ये चालतं, इथे ते मराठीत लिहितो आहे.

"गोळ्या परत घ्या तम्मा. सोसत नाहीत."

मेट्रोनिडॅझोल ४००, दिवसातून तीनदा, पाच दिवस. आव पडत होती म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या. दोन दिवस घेतल्या आणि सोडल्या. पट्टीत निम्म्याहून जास्त गोळ्या शिल्लक.

"काय होतंय अज्जी?"

"तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं लागतंय. भाकरी कडू, चहा कडू, पाणीसुद्धा कडू. आणि लघवी काळपट झाली. सून म्हणाली, गोळी आतून जाळतीये, बंद करा."

आव थांबली का, असं विचारलं तर म्हणाल्या, रक्त थांबलंय, मुरडा आहे थोडा.

या औषधाने तोंडात धातूची चव येते. जिभेवर पांढरट थर धरतो, मळमळतं, काहींची लघवी लालसर-तपकिरी होते. औषध शरीरातून बाहेर पडताना त्याचं जे रूपांतर होतं त्याचा तो रंग. गोळ्या संपल्या की एकदोन दिवसांत चवही जाते आणि रंगही. यातलं काहीही धोक्याचं नाही, पण हे अज्जींना कुणीही सांगितलेलं नव्हतं. नळाला अचानक गढूळ पाणी आलं की माणूस जसा आधी नळ बंद करतो, तसं त्यांनी केलं, आणि त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

मेट्रोनिडॅझोल हे औषध आलं ते वेगळ्याच कामासाठी. १९५०च्या दशकाच्या अखेरीला फ्रान्समधल्या रोन-पुलांक कंपनीत ते तयार झालं, स्त्रियांच्या एका जंतुसंसर्गावर. अमिबामुळे होणारी आव आणि यकृतातलं गळू यांवर ते चालतं हे १९६६ साली पुढे आलं. त्याआधी अमिबासाठी एमेटीनची इंजेक्शनं देत, आणि त्यांचा भार हृदयावर पडे. म्हणून या कडू गोळीबद्दल मला आदर आहे. ती अर्धवट सोडली जाते तेव्हा वाईट वाटतं, कारण अमिबा तसाच उरतो आणि दुखणं उलटतं.

अज्जींना म्हटलं, गोळी जेवणानंतर लगेच घ्या, वर लिंबू-साखरेचं पाणी प्या किंवा एक लवंग चघळा. डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी उरलेला कोर्स पुरा करायला सांगितला. नातवाला मी वेगळं बजावलं की हातापायाला मुंग्या आल्या, तोल गेला किंवा अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणायचं. कोणता त्रास सोसायचा आणि कोणता सोसायचा नाही, हे दोन्ही पहिल्या दिवशीच सांगायला पाहिजे. काउंटरवर त्याला अर्धा मिनिट लागतो.

साडेनऊ

सप्तापुरात स्पर्धा परीक्षांचे क्लास आहेत. खोल्या परवडत नाहीत म्हणून बरीच मुलं आमच्या बाजूला राहतात आणि खाणावळीत जेवतात. त्यांच्यातला एक आला. रात्रीपासून चार वेळा जुलाब, ताप नाही, रक्त नाही. त्याला ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलच्या "दोनच गोळ्या" हव्या होत्या. रूममेटला त्यांनी एका दिवसात बरं वाटलं होतं.

चिठ्ठीशिवाय ही गोळी मी देत नाही. पट्टीवर जी उभी लाल रेघ असते ती त्यासाठीच. केंद्र सरकारने २०१६ साली त्या रेघेची मोहीमच काढली होती. पण कायदा दाखवून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून कारण सांगतो. असे साधे जुलाब बहुतेक वेळा विषाणूने किंवा बिघडलेल्या अन्नाने होतात आणि दोनतीन दिवसांत आपोआप थांबतात. रूममेटही गोळी न घेता बरा झाला असता. उलट या गोळ्यांनी आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि काही जणांचे जुलाब त्यानेच लांबतात. ऑफ्लॉक्सॅसिन ज्या गटातलं आहे त्या गटाच्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली स्नायुबंधाला, विशेषतः टाचेमागच्या शिरेला, इजा होण्याचा ठळक इशारा छापायला लावला. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसाची साखर या गटाने एकदम खाली जाऊ शकते. वीस वर्षांच्या मुलाला हे होण्याची शक्यता कमी, पण ज्याची गरजच नाही त्यासाठी ती तरी का पत्करायची?

ओआरएसच्या दोन पुड्या घेऊन गेला. नाराज होता. पोलीस भरतीसाठी रोज पळतो म्हणाला, तेव्हा टाचेची गोष्ट त्याला बहुधा पटली असावी.

अकरा

गर्दीची वेळ. रक्तदाब, साखर, थायरॉइड, महिन्याची औषधं. त्यातच निगदीकडची एक बाई पदराने ओठ झाकून बाजूला उभी राहिली. गर्दी ओसरेपर्यंत बोलली नाही.

"अण्णा, याला काही मलम आहे का?"

खालच्या ओठावर काळा-जांभळा डाग, मधोमध साल निघालेली. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा गोल चट्टा, कडा अगदी रेखीव, कंपास फिरवल्यासारख्या, मधला भाग गडद जांभळा. परवा दुपारी एक गोळी घेतली, संध्याकाळी त्या जागा चुरचुरू लागल्या, सकाळी काळ्या पडल्या. शेजारणींनी वेगळेच अर्थ काढले, म्हणून दोन दिवस ती घराबाहेर पडली नव्हती.

"मागे कधी झालं होतं?"

"गेल्या पावसाळ्यात. इथेच. पण तेव्हा ओठावर नव्हतं, फक्त हातावर."

तेव्हाही जुलाबच झाले होते आणि गोळीही बहुधा तीच होती. त्वचारोगाचे डॉक्टर याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. शरीर त्या औषधाची खूण त्वचेच्या ठरावीक जागी धरून ठेवतं. औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत तीच जागा पेटते आणि दर खेपेला एखादी नवीन जागा वाढू शकते. ऑर्निडॅझोल, टिनिडॅझोल, नॉरफ्लॉक्सॅसिन ही जुलाबांवर सर्रास दिली जाणारी औषधं यात नेहमी सापडतात. वेदनाशामकंही सापडतात.

तिच्याकडची पट्टी पाहिली. दोन गोळ्यांचा कापलेला तुकडा, त्यावर औषधाचं अर्धंच नाव, बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही. दुकानदार सुटी गोळी कापून देतो तेव्हा छापील मजकुराचं टोक बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहतं. मी सुट्या गोळ्या देतो तेव्हा नाव आणि मुदत लहान पाकिटावर लिहून देतो. त्या तुकड्यावर "ऑर्नि" एवढी अक्षरं वाचता आली. कोणत्या दुकानातून घेतली ते तिने सांगितलं, पण त्यावर बोलून आता उपयोग नव्हता.

मलम दिलं नाही. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, आणि तोंडात, डोळ्यात किंवा अंगभर फोड आले तर वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात जायला. एका जाड कार्डावर कन्नडमध्ये औषधाचं नाव लिहिलं, खाली "हे मला चालत नाही" असं लिहिलं आणि आधार कार्डाच्या पाकिटात ठेवायला दिलं. पुढच्या पावसाळ्यात तिचं पोट पुन्हा बिघडेल, डॉक्टर नवे असतील, आणि त्या वेळी ते कार्ड बाहेर निघायला हवं.

मग ड्रॉवरमधला फॉर्म काढला. औषधाच्या संशयित दुष्परिणामाची नोंद करण्याचा हा सरकारी फॉर्म आहे. नाव विचारत नाहीत, फक्त आद्याक्षरं. वय, काय झालं, कधी सुरू झालं, कोणतं औषध, किती दिवस, बंद केल्यावर कमी झालं का, पुन्हा घेतल्यावर पुन्हा झालं का. हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण जाणूनबुजून तसं करून बघणं योग्य नसतं. या बाईच्या शरीराने मात्र उत्तर दोनदा दिलेलं होतं.

साडेबारा

एक चिठ्ठी बाजूला ठेवली. हृदयाची झडप बदललेले गृहस्थ, रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲसिट्रॉमवर कायम. त्यांना दातासाठी मेट्रोनिडॅझोल लिहून आलं होतं. या दोन गोळ्या एकत्र आल्या तर रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं, कारण यकृतातल्या ज्या विकराने ॲसिट्रॉमचं विघटन होतं त्यालाच मेट्रोनिडॅझोल अडवतं. दातांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मनापासून आभार मानले आणि औषध बदललं. आपली रोजची औषधं दातांच्या डॉक्टरांनाही सांगायची असतात, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं.

दुपारी दोन

दोन ते चार गिऱ्हाईक कमी. डबा खाऊन फॉर्म पुरे करतो.

भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० साली दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आला. वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत. रुग्णाला स्वतःलाही कळवता येतं. त्याच्यासाठीचा वेगळा सोपा फॉर्म कन्नड आणि मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळात चालू असतो. इथली नोंद पुढे स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक साठ्यात जाते. निगदीच्या बाईचा अंगठा तिथवर पोचतो.

लोक विचारतात, एका माणसाच्या नोंदीने काय होणार? मला अशा वेळी जपान आठवतं.

१९५०च्या दशकाच्या मध्यापासून तिथे एक विचित्र आजार दिसू लागला. आधी पोटात दुखायचं, जुलाब व्हायचे. मग तळपाय बधिर व्हायचे, बधिरपणा घोट्यावरून गुडघ्याकडे, कमरेकडे चढायचा. काहींचं चालणं गेलं, काहींची नजर गेली. याला स्मॉन असं नाव पडलं. एखादा विषाणू असावा अशी शंका होती, म्हणून शेजारपाजारचे लोक या रुग्णांपासून दूर राहिले. काहींनी जीव दिला.

रुग्णांच्या जिभेवर हिरवट थर दिसायचा, शौच हिरवं व्हायचं, काहींची लघवी हिरवी. १९७० साली त्या हिरव्या रंगाचं पृथक्करण झालं आणि त्यात क्लिओक्विनॉल निघालं, लोहाशी जोडलेलं. क्लिओक्विनॉल म्हणजे पोटाच्या दुखण्यावर, जुलाबांवर, आवेवर दिलं जाणारं जंतुनाशक औषध. निईगाता विद्यापीठाचे तादाओ त्सुबाकी यांनी रुग्णांचा औषधांचा इतिहास तपासून ऑगस्टमध्ये तसं मांडलं आणि सप्टेंबर १९७० मध्ये जपान सरकारने विक्री थांबवली. नवे रुग्ण येणं जवळजवळ बंद झालं. तोवर बाधितांची संख्या दहा हजारांवर गेली होती. या औषधाने पोटातही दुखायचं, आणि पोटात दुखतंय म्हणून त्यांना तेच औषध आणखी दिलं जायचं. हे वाचताना दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

स्वीडनचे बालरोगतज्ज्ञ ओले हॅन्सन यांनी १९६६ सालीच, या औषधानंतर नजर गेलेल्या एका लहान मुलाची हकिकत सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केली होती. एकच रुग्ण, एकच नोंद. पुढे जपानच्या खटल्यात त्यांनी रुग्णांच्या बाजूने साक्ष दिली. टोकियोच्या न्यायालयाने १९७८ साली सरकारला आणि औषध कंपन्यांना जबाबदार धरलं.

हेच औषध आपल्याकडे एन्टेरो-व्हायोफॉर्म नावाने घरोघरी होतं. प्रवासाला निघताना पिशवीत टाकायची गोळी. साठी-सत्तरीतल्या वाचकांना ते नाव नक्की आठवेल. मूळ कंपनीने ते १९८०च्या दशकात जगभरातून मागे घेतलं. आपल्याकडे त्याने किती पाय बधिर झाले ते मोजायला त्या वेळी ना फॉर्म होता, ना फोन नंबर.

संध्याकाळी पाच

गोवा रस्त्यावर ट्रक चालवणारे एक ओळखीचे गृहस्थ आले. चाळिशीचे. हातात जुनी, घड्या पडून फाटलेली चिठ्ठी. पोट बिघडलं की रस्त्यात जिथे असतील तिथल्या मेडिकलमध्ये ती दाखवायची आणि मेट्रोनिडॅझोलची पट्टी घ्यायची, असं बरेच महिने चाललं होतं. आमच्याकडे ते पेट्रोलियम जेलीची डबी घ्यायला आले होते.

"पायाला भेगा पडल्यात?"

"भेगा नाहीत. पाय जळजळतात रात्री. क्लच दाबताना बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाही."

खुर्चीवर बसवलं. चप्पल काढायला लावली. दोन्ही पायांची बोटं सारखीच बधिर. साखर? सहा महिन्यांपूर्वी तपासली होती, ठीक होती. दारू? कधीतरी. मग गोळ्यांचा हिशेब मांडला. ४००च्या तीन म्हणजे दिवसाला सव्वा ग्रॅमच्या आसपास. मज्जातंतूंचा त्रास झालेल्या रुग्णांचा जो अभ्यास झाला आहे त्यात एकूण ४२ ग्रॅम, म्हणजे चार आठवड्यांच्या पुढे, गेलेल्यांत हा त्रास ठळकपणे जास्त दिसला. यांचा हिशेब कागदावर त्याच्या पुढे गेला. सुटे सुटे आठवडे होते हे खरं, आणि बधिरपणाची कारणं दुसरीही असू शकतात. ब जीवनसत्त्व कमी पडलं तरी असं होतं. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. पण गोळी आजपासून बंद, आणि दारूचा थेंबही नको, या गोळीनंतर तीन दिवस तरी नाहीच. जेलीचे पैसे घेतले नाहीत, जेलीही दिली नाही. चौकातल्या डॉक्टरांची ओपीडी सहाला सुरू होते, तिथे हिशेबाचा कागद घेऊन पाठवलं.

मला राग आला तो त्यांचा नाही. महिनोन्‌महिने ती एक चिठ्ठी एवढ्या काउंटरांवर सरकली आणि तिच्यावरची तारीख कुणीच वाचली नाही, त्याचा.

सात

एक शिक्षिका. दोन वर्षांपासून पोट फुगणं, जुलाब, तपासण्या सगळ्या स्वच्छ. हुबळीच्या पोटविकारतज्ज्ञांनी रिफॅक्सिमिन ५५० दिवसातून तीनदा, चौदा दिवस दिलेलं. औषध महाग आहे, म्हणून त्या रोज मोजून ठेवतात. आज विचारत होत्या, डोकं दुखतंय, गरगरतंय, हे गोळीचं का?

असेलही. रिफॅक्सिमिन आतड्यातच काम करतं, रक्तात फार थोडं उतरतं, म्हणून ते सोपं समजलं जातं. तरी मळमळ, गरगर, थकवा, क्वचित पायाला सूज आल्याचं रुग्ण सांगतात. या दुखण्यासाठी अमेरिकेने त्याला २०१५ साली परवानगी दिली. त्याआधीच्या मोठ्या चाचण्यांत गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांना. त्रासाच्या तक्रारी दोन्हीकडे जवळपास सारख्याच होत्या.

हे आकडे मी त्यांना सांगितले, कारण त्या समजून घेणाऱ्या आहेत. तुमचं डोकं दुखत नाही असा याचा अर्थ होत नाही. ते दुखतंय, फक्त ते गोळीमुळेच असं लगेच म्हणता येत नाही. वेळ लिहून ठेवा, गोळीआधी की नंतर, जेवलात की नाही. पातळ शौच एकदम वाढलं, ताप आला किंवा रक्त पडलं तर चौदा दिवसांची वाट बघू नका. त्यांनी पर्समधून वही काढून तिथेच रकाने आखले.

साडेआठ

दोन वर्षांच्या पोराला घेऊन आईबाप. जुलाब, उलटी एकदा. जुलाब "बांधणारं" सिरप हवं होतं. पोर हसत होतं, डोळ्यांत पाणी होतं, लघवी तासाभरापूर्वी झालेली. ओआरएसची पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्या-चमच्याने, चोवीस तासांत संपवायची. झिंकची गोळी रोज एक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. पोर सुस्त झालं, पाणी पीनासं झालं किंवा लघवी थांबली तर रात्र असली तरी दवाखाना. वडिलांनी फळांच्या चवीचं डबाबंद पेय दाखवलं. ते नको म्हटलं. त्यात साखर जास्त असते, आणि अशा पेयांवर ओआरएस लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली आहे.

सव्वानऊ

गल्ला मोजताना ट्रकवाल्यांचा फोन आला. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, रक्त तपासायला दिलं, मज्जातंतूंच्या तपासणीसाठी उद्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

"बोटं परत येतील ना सर?"

बहुतेकांची येतात, पण आठवडे लागतात, कधी महिने. काहींची पूर्ण येत नाहीत. हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मी विचारलं, पहिल्यांदा मुंग्या कधी आल्या? फॉर्मवर ती तारीख लागते.

"तारीख कशी सांगू? उळवीच्या जत्रेला बैलगाड्या निघाल्या होत्या. गाडी बाजूला घेतली, उतरलो, आणि पाय टेकला तर खाली जमीन लागेना."

भारत हुण्णिमेची जत्रा, म्हणजे माघ पौर्णिमा. कॅलेंडर उलटं चाळून मी दिवस काढला, फॉर्मवर लिहिला आणि पुढच्या रकान्यात गेलो: औषध त्यानंतरही चालू होतं का? होय.